चिमट्याची थरथर

पोळा झाला आणि आमची सायकल थरथरायला लागली.

सपाटीला काही नाही. गावातून निघून मारुतीच्या देवळापर्यंत नीट जायची. पुढे ओढ्याचा उतार लागला, ह्यांनी पुढचा ब्रेक दाबला, की पुढचं चाक धरणारा चिमटा असा हादरायचा की भिजलेलं करडू कापतंय म्हणावं. हँडल हातात राहायचं नाही. मागे कॅरेजच्या दोन्ही अंगांना दुधाचे भरलेले कॅन. तेवढ्या वजनाला मागचा ब्रेक एकटा पुरत नव्हता, उतारावर पुढचा दाबावाच लागायचा.

"पिंगळी स्टेशनाला पोचेस्तोवर दुधाचं ताक व्हायलंय," हे म्हणाले.

मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ओसरीवरून विचारलं, "कोण कापायलंय म्हणालास? म्हैस?"

"म्हैस न्हाई आबा, सायकल."

"मग तिला इसावा दे की एक दिस," मामा म्हणाले आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले.

हे रोज पहाटे गावचं दूध गोळा करून सायकलवर पिंगळी स्टेशनाला नेत, तिथून गाडीनं परभणीला. दुपारच्या गाडीनं परत. तोवर सायकल स्टेशनच्या वाटेवर सूर्यभानच्या दुकानात उभी असायची. दुकान म्हणजे चार बल्ल्या आणि वर पत्रे. ओढ्याच्या अलीकडे उतार, ओढा ओलांडून थोडं चढलं की ते पत्रे. पोळ्याच्या आधी सूर्यभाननंच आमची सायकल ओव्हरऑइल केली होती. सगळी खोलून, छर्रे काढून, धुऊन, ग्रीस भरून. तोवर सायकलीला काही खोड नव्हती. त्याच्या हातातून आली, पोळा गेला, आणि ही थरथर.

त्यामुळे ह्यांना दुसरीकडे बघायची गरज वाटली नाही.

सूर्यभानचं पहिलं दुकान त्याच्या गावात होतं. नामांतराच्या दंगलीत ते जळलं. कुणी जाळलं हे सगळ्यांना माहीत होतं आणि विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं. त्या वर्षी आमच्या गावातल्या काही माणसांच्या अंगाला रॉकेलचा वास आला होता, एवढं मी स्वतः सांगू शकते. पुढे आमच्या गावच्या दिनकररावांनी स्टेशनच्या वाटेवरच्या आपल्या पडीक तुकड्यावर सूर्यभानला पत्रे टाकू दिले. तिथं त्यानं दंगलीनंतर पुन्हा पाना हातात घेतला. सगळ्या गावाच्या सायकली त्याच्याकडे जायच्या, आणि सगळं गाव मनातून असंही धरून होतं की ह्याच्या पोटात राग असणारच. आपण त्याच्या जागी असतो तर आपल्या पोटात असता.

हे एकदा सायकल घेऊन त्याच्याकडे गेले. संध्याकाळी येऊन मला सांगितलं ते असं. सूर्यभाननं सायकल उलटी केली. चाक फिरवून बघितलं, आऊट नव्हतं. चिमटा धरून पुढं-मागं हलवला, छर्रे ढिले नव्हते. मग ब्रेकचं रबर दाबून बघितलं. रिमवरून बोट फिरवलं, ते बोट नाकाशी नेलं, आणि गप झाला. मूठभर माती घेऊन हात घासला. म्हणाला, "काई न्हाई. न्या."

"काई न्हाई म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"माझ्या हातचं काई न्हाई, म्हणालो."

"ऐकलंस का," हे मला म्हणाले, "चोर असला की माणूस गप बसतो."

गप बसणारा माणूस माझ्याही मनात रुतला. ज्याला खोड सापडत नाही तो डोकं खाजवतो, दुसरा पाना मागतो, कंपनीला शिव्या देतो. हात मातीनं घासून पाठ फिरवणाऱ्याला काहीतरी सापडलेलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी सायकल तिथं ठेवायची बंद केली. त्याच वाटेवरच्या मुंजाजीच्या चहाच्या हॉटेलामागं बाभळीला साखळीनं बांधून ठेवायला लागले. तरी थरथर होतीच. उलट वाढली. मग ह्यांच्या डोक्यात निघालं की सूर्यभाननं चिमटाच बदलला. आपला चांगला काढून घेतला आणि भंगारातला बसवला. मी दिवा घेऊन गोठ्यात गेले. सायकल म्हशींच्या दावणीशेजारी उभी असायची, जिथं आधी आमचा बैल बांधत. चिमटा नीट बघितला. डाव्या पायाला खरवडल्याची खूण होती, मागं एकदा बाभळीवर आपटली होती तेव्हाची. चिमटा आमचाच होता. हे मी ह्यांना सांगितलं.

"रंग खरवडायला काय लागतंय," हे म्हणाले. "ध्यानात ठेवून तशीच खूण केली असंल."

शंका आली की तिला सगळंच पुरतं.

शनिवारी मी मारुतीला तेल वाहायला जाते. त्या शनिवारी देवळातून परत न फिरता ओढा उतरून पलीकडे गेले. सूर्यभान ट्यूबला ठिगळ लावत होता. मला बघून त्यानं पहिल्यांदा माझ्यामागं बघितलं, आणखी कोण आलंय ते. मग म्हणाला, "बोला वैनी."

"आमच्या सायकलीला काय झालंय?"

"दत्तरावांनी पाठवलं का?"

"न्हाई. मीच आले."

त्यानं घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवली. बुडबुडे निघतात का ते बघत बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "घरी काय लावलं ते घरीच इचारा वैनी. मला कशाला बोलायला लावता? बोललो की पुन्हा माझंच तोंड वाईट."

"काय लावलं?"

आता त्यानं वर बघितलं. मी कपाळभर कुंकू लावते, हातात तेलाची वाटी होती, पायात चप्पल नव्हती, कारण शनिवारी मी घालत नाही. हे सगळं त्यानं एकदा बघून घेतलं.

"तुमाला म्हाईत न्हाई व्हय," तो म्हणाला. त्यात विचारणं नव्हतं.

मी परत आले. वाटेभर मला वाटत होतं की हा माणूस घोळवतोय. दोष आपला, आणि बोट आमच्या घराकडे. त्याच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते माझ्याबद्दलच होतं, एवढं मात्र कळलं होतं. तो मला खोटारडी समजत होता.

पुढच्या आठवड्यात हे उतारावर पडले. ब्रेक दाबला, चिमटा हादरला, हँडल वळलं आणि सायकल कॅनसकट आडवी. कोपर सोलवटलं. दूध ओढ्याच्या वाटेवर सांडलं आणि कुत्री गोळा झाली. तेवढ्यात दिनकरराव स्टेशनाकडून येत होते. त्यांनीच ह्यांना उठवलं. ह्यांनी तिथंच सगळं सांगितलं. ओव्हरऑइल, बदललेला चिमटा, गप बसणं.

दिनकरराव मोठे जमीनदार, पण कुणावर ओरडत नसत. ते म्हणाले, "माझ्या जाग्यावर बसून कुणी लोकांचे हातपाय मोडणार असंल तर मला ते चालायचं न्हाई. सोमवारी मी त्याला पत्रे उचलायला सांगतो. तू बी ये, तुझ्या तोंडानं सांग."

हे बोलणं मुंजाजीच्या हॉटेलात पोचलं, आणि त्या हॉटेलात एकानं ऐकलेलं गावात पोचायला चहा निवावा लागत नाही.

रविवारी दिवेलागणीच्या आधी मी चुलीपाशी जेवायला बसले होते. चातुर्मासात माझं जेवताना मौन असतं. कुणी हाक मारली तरी ताटावर बोलायचं नाही, आणि ताटावरून उठलं तर त्या दिवशी पुन्हा अन्नाला शिवायचं नाही. पहिला घास घेतला तोवर मुंजाजी आला. ओसरीवर हे आणि तो.

"कोपर कसंय?"

"ठणकायलंय."

"उद्या पत्रे उचलले की थांबंल," मुंजाजी हसला. "दुसऱ्यांदा उठायलाय बिचारा. पयल्यांदा जळून उठला, आता लोकांच्या बोलण्यानं उठंल."

"बिचारा म्हणू नको. माझा मुडदा पडला असता."

"म्या कुठं न्हाई म्हणालो? पर एक सांगतो दत्ता. उद्यापासून पंक्चर काढायला मानवतला जायाचं का पालमला, तेवढं ठरवून ठेव."

मी भाकरी मोडत ऐकत होते. सूर्यभाननं मुद्दाम केलं असेल तर जावं त्यानं. पण केलं नसेल तर? मला त्याचे शब्द आठवत होते. घरी काय लावलं ते घरीच इचारा.

तेवढ्यात मामा आत आले. वाटी पुढं करून म्हणाले, "कुसुम, वाईच लोणी-हळद दे माय."

पोळ्यापासून ते अधूनमधून असं मागत. गुडघ्यांसाठी, असं मी धरून चालले होते. वाटीत लोणी, त्यात चिमूटभर हळद, आणि देत होते. आताही मी न बोलता डाव्या हातानं शिंक्याकडे बोट केलं. मामांनी आपलंआपण लोणी घेतलं, हळद घातली. धोतर वर खोचलेलं होतं. चुलीचा उजेड त्यांच्या पायांवर पडला.

मामांचे गुडघे पिवळे नव्हते. हळद कातडीवरून चार दिवस जात नाही. ह्या गुडघ्यांना पोळ्यापासून हळदीचं बोटही लागलेलं नव्हतं. पिवळी होती ती त्यांच्या उजव्या हाताची बोटं.

मामा वाटी घेऊन मागल्या दारानं गोठ्याकडे गेले. मी ताटाकडे बघितलं. मग हात धुतला आणि उठले.

गोठ्यात मामा सायकलीपुढं उकिडवे बसले होते. हँडलच्या खाली, जिथून चिमटा दोन पायांनी फुटतो, तिथं लोणी-हळद चोळत होते. हळूहळू, गोल, बैलाच्या खांद्याला चोळतात तसं. लोणी पातळ होऊन चिमट्याच्या पायांवरून खाली ओघळत होतं, ब्रेकच्या रबरावर, रिमवर. रिमवर आधीचा थर वाळून त्यात काळी माती बसलेली होती. चाक फिरलं की ठिकठिकाणी चिकट, ठिकठिकाणी घसरतं.

आणि मामा पुटपुटत होते, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाचं खांदमळण करतात. वर्षभर जू ओढून खांदा सोलवटलेला असतो, त्याला लोणी-हळद चोळतात, आणि असं आवतण देतात. आमचा शेवटचा बैल चैत्रात म्हातारा होऊन गेला. शेत मामांनी बटईनं दिलं. ह्या पोळ्याला मामांच्या हाताला खांदाच उरला नव्हता.

"मामा, हे काय करायलात?"

"ह्येच आता घरचं वझं वाहतंय ना. दुधाचे कॅन कोण ओढतंय? हँडल म्हणजे जू. त्याच्याखाली खांदा." मामांनी बोट पुसलं. "पोळ्याला केलं. मग दत्ता म्हणायला लागला, थरथरतंय. म्हणलं खांदा दुखायला असंल. म्हणून मधी मधी चोळतो. लय थरथरलं की जास्त."

थरथरतं म्हणून चोळायचं, आणि चोळलं म्हणून थरथरायचं.

मामा ओसरीवर जाऊन बसल्यावर मी चुलीतली राख आणली, शिकेकाईचं कढत पाणी केलं. रिम घासली, रबरं दगडावर घासून काढली, कोरड्या फडक्यानं पुसलं. अजून उजेड होता. ह्यांना मागल्या अंगणात बोलावून हळू आवाजात सांगितलं, आणि उतारावर जाऊन बघा म्हणाले. हे गेले. आले ते सायकल हातात धरून चालत.

"न्हाई थरथरत," ते म्हणाले.

"मग?"

ह्यांनी चाक फिरवून बघितलं. "दिनकररावांचं बोलणं त्याच्या कानावर गेलं असंल. आज सकाळी मुंजाजीच्या हॉटेलामागं येऊन त्यानंच नीट करून ठेवली. येताना मी पुढचा ब्रेक दाबलाच न्हाई, म्हणून कळलं न्हाई."

"अवो, मी आत्ता धुतली."

"तू धुतली, त्यानं आधी नीट केली. लोण्यानं कधी सायकल थरथरती का? आबांनी जन्मभर बैलाला लावलं, एक बैल थरथरला का?"

मी वाद घातला नाही. मला वाद घालता येत नाही. घागर भरून ठेवली, तुळशीला दिवा लावला, आणि उपाशी पोटी ओसरीवर बसून विचार केला की जे घडवून दाखवता येतं ते सांगत बसू नये. सकाळी मामांना म्हणाले, "मामा, आज स्टेशनच्या वाटेवर येता का? सायकलीचं खांदमळण दिनकररावांना दाखवू."

मामा खूश झाले. "त्यांच्याकडं ट्रॅक्टर हाय. त्याचं बी करायला सांगू."

दुपारच्या गाडीनं हे आले तेव्हा सूर्यभानच्या पत्र्यांपाशी दिनकरराव खुर्चीवर बसले होते. मुंजाजी हॉटेल सोडून आला होता. सूर्यभाननं हत्यारं आधीच पोत्यात भरून ठेवली होती. कुणी सांगायच्या आधीच. मला आणि मामांना बघून त्यानं पोत्याचं तोंड आवळलं.

मी दिनकररावांपुढं पदर सावरून उभी राहिले. "एवढं बघून मग काय ते बोला," म्हणाले. "पयल्यांदा ह्यांनी उतारावरून यावं."

"कॅन रिकामे हायत," हे म्हणाले.

"मग पाणी भरा," दिनकरराव म्हणाले.

ओढ्याच्या पाण्यानं कॅन भरले. हे पलीकडे गेले, उतारावरून आले. ब्रेक दाबला. सायकल बारक्या आवाजानं थांबली. ह्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले, बघा, आता नीट आहे, म्हणजे मी म्हणतो तेच.

"आता मामा," मी म्हणाले.

मामांनी वाटी काढली. सायकलीपुढं बसले आणि सगळ्यांसमोर चोळायला लागले. लोणी उन्हानं लगेच वितळलं. "आज आवतण घ्या," मामा म्हणाले. मुंजाजीला हसू आवरेना. तो मामांना म्हणाला, "आश्रुबा, शिंगं कुठं रंगवली हिची?"

"तुझ्या हॉटेलातल्या कपाचा रंग आणतो उद्या," मामा म्हणाले, "तो जात न्हाई म्हणतेत."

मग हे पुन्हा पलीकडे गेले. आले. उताराच्या मध्यावर ब्रेक दाबला आणि चिमटा कापायला लागला, कॅन खडखडले, पाणी झाकणातून उडालं. पाय टेकून टेकून ह्यांनी सायकल कशीबशी थांबवली. वर बघितलं नाही.

दिनकररावांनी उठून रिमवर बोट फिरवलं, आणि ते बोट धोतराला पुसलं.

सूर्यभान मात्र सायकलीकडे बघत नव्हता. तो मामांकडे बघत होता.

"ह्ये आवतण हाय?" त्यानं विचारलं.

"मग काय वाटलं तुला?" मामा म्हणाले.

"मला वाटलं, माझा हात लागला म्हणून तुमी सायकल शुद्ध करून घेतली." तो शांतपणे बोलत होता. "हळद दिसली. तुपाचा वास आला. म्हणलं, चला, सायकल माझ्याकडून नीट करून घ्यायची आणि घरी नेऊन इटाळ काढायचा. मग थरथरू दे, आपण सांगायचं न्हाई."

मी खाली बघितलं. आमच्या घरात तसं झालं नव्हतं. पण तसं होत नाही, असं मला म्हणता येईना, कारण कुणाच्या घरी होतं ते मला माहीत होतं.

मामांना तेवढं कळलं नाही की त्यांनी कळूनच घेतलं नाही, कुणास ठाऊक. ते म्हणाले, "आरं, बैलाला कोण शुद्ध करतंय? खांदा दुखतो त्याचा."

दिनकरराव खाकरले. "राहू दे पत्रे," म्हणाले, आणि खुर्ची आपल्याच हातानं उचलून हॉटेलाकडे चालायला लागले. माफी वगैरे त्यांच्या तोंडून निघणार नव्हती, ह्यांच्याही निघाली नाही. ह्यांनी फक्त सायकल पुन्हा सूर्यभानच्या पत्र्याखाली आणून उभी केली.

"धुऊन दे," हे म्हणाले.

सूर्यभाननं पोतं सोडलं नाही. "एका अटीवर. हितून पुढं तुमची सायकल मी खोलली की तुमी समोर बसायचं. उठायचं न्हाई."

"बसतो."

"आणि तुमी," तो मामांना म्हणाला, "वझं हँडलवर असतं का? वझं कॅरेजवर असतं. लावायचंच तर मागं लावा."

मामांनी मागं जाऊन कॅरेज हातानं चाचपलं. बराच विचार केला. "हितं खांदा कसा असंल," ते म्हणाले, "ही कंबर हाय. पर चालंल. कंबर बी दुखती."

त्याला आता काही पोळे झाले. कॅरेजला लोणी-हळद लागते, मुंग्या लागतात, कॅनच्या अंगाला पिवळे डाग पडतात, ते मी घासते. सायकल पुन्हा तिथंच उभी असते. तिचं काही काम निघालं की हे पोत्यावर समोर बसतात आणि सूर्यभानच्या हातावरची नजर काढत नाहीत. सूर्यभानही सायकल उलटी करतो, रिमवरून बोट फिरवतो, ते नाकाशी नेतो, ह्यांच्याकडे बघतो, आणि मगच पाना हातात घेतो.